यूझनेट वृत्तसर्व्हर

यूझनेट या जागतिक चर्चाजालातील लेख स्वीकारणारा, साठविणारा, शेजारच्या संगणकांकडे पुढे धाडणारा व वाचकांना पुरविणारा संगणक म्हणजे यूझनेट वृत्तसर्व्हर होय. ही कामे ज्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने केली जातात, त्याचा उल्लेख प्रस्तुत नोंदीत आज्ञावली असा केला आहे. यूझनेटवरील लिखाण विषयवार वृत्तगटांत विभागलेले असते व प्रत्येक स्वतंत्र लिखाणास लेख म्हणतात. येथे ‘वृत्त’ हा शब्द वर्तमानपत्री बातमी या अर्थाने नसून चर्चेसाठी प्रसृत केलेला मजकूर या अर्थाने रूढ झाला आहे.

यूझनेटला मध्यवर्ती संगणक नाही, मालक नाही व सर्वांना बंधनकारक असा एकच नियमकर्ताही नाही. हजारो वृत्तगटांचा व्यवहार एकमेकांशी परस्परसंमतीने जोडलेल्या सर्व्हरांमधून चालतो. लेख किती दिवस ठेवावा, कोणाकडून घ्यावा, तो रद्द करण्याचा कोणाचा हुकूम मानावा हे प्रत्येक सर्व्हरचा चालक आपल्यापुरते ठरवितो. व्यक्तीला, महाविद्यालयाला किंवा एखाद्या अभ्यासमंडळाला स्वतःचा सर्व्हर चालविता येतो. तथापि सर्व आज्ञावल्या सर्व कामांस सारख्याच उपयुक्त नसतात. लेखांचे वहन, वाचकांची सेवा आणि दीर्घकालीन जतन ही तीन कामे भिन्न आहेत व त्यांच्या गरजाही भिन्न आहेत. आपल्या सर्व्हरने यांपैकी कोणते काम करावयाचे, हे प्रथम निश्चित केल्याशिवाय आज्ञावलीची योग्य निवड होऊ शकत नाही.

कार्यपद्धती : यूझनेटवरील प्रत्येक लेखाचे दोन भाग असतात : शीर्ष व मजकूर. शीर्षात लेखकाचे नाव, विषय, दिनांक, वृत्तगटाचे नाव यांबरोबरच दोन महत्त्वाच्या नोंदी असतात. पहिली म्हणजे लेखाची ओळखखूण. ही खूण जगात अन्य कोणत्याही लेखाची नसते. दुसरी म्हणजे मार्गनोंद. लेख ज्या ज्या सर्व्हरमधून आला त्यांची नावे या नोंदीत क्रमाने भर पडत जाऊन नमूद होतात.

एखाद्या सर्व्हरवर नवा लेख आला की, तो सर्व्हर आपल्या शेजारी सर्व्हरांना त्याची ओळखखूण कळवितो. शेजाऱ्याकडे तो लेख नसल्यास तो मागवितो व पुढे आपल्या शेजाऱ्यांना कळवितो. पुराचे पाणी जसे मिळेल त्या वाटेने पसरते, तसा लेख सर्वत्र पोहोचतो. एकच लेख दोन वाटांनी आला, तर ओळखखुणेवरून दुसरी प्रत नाकारली जाते. मार्गनोंदीत ज्याचे नाव आधीच आहे, त्या सर्व्हरकडे लेख परत पाठविला जात नाही. यामुळे एक जोडणी तुटली, तरी दुसऱ्या वाटेने लेख येत राहतो. म्हणूनच नव्या सर्व्हरने निदान दोन स्वतंत्र शेजाऱ्यांशी जोडणी ठेवणे हितावह असते.

पुनरावृत्ती ओळखण्यासाठी सर्व्हरला पाहिलेल्या ओळखखुणांची नोंदवही ठेवावी लागते. तीस इतिहासवही म्हणता येईल. वृत्तगटांची नावे व त्यांतील लेखक्रमांक यांची यादी, तसेच वाचकास लेखांचे विषय व लेखकनामे झटपट दाखविण्यासाठी केलेली सारसूची ही आणखी दोन साधने होत. चांगली आज्ञावली ती, जी यंत्र अचानक बंद पडले तरी या तिन्ही नोंदींचा परस्परमेळ टिकविते किंवा तो बिघडल्यास साठविलेल्या लेखांवरून त्या पुन्हा तयार करू शकते.

इतिहास : यूझनेटची कल्पना १९७९ मध्ये अ. सं. सं. तील ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांनी मांडली. चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोव्हिन यांनी युनिक्स या संगणक प्रणालीवरील लहानशा आदेशसंचाच्या रूपाने तिची पहिली आज्ञावली लिहिली. स्टीव्हन डॅनियल यांनी ती सी या भाषेत नव्याने लिहिली व ती ‘ए न्यूज’ या नावाने १९८० मध्ये प्रसृत झाली. त्या काळी लेखांची देवघेव दूरध्वनी तारांवरून यूयूसीपी या पद्धतीने होई. दिवसाकाठी मोजकेच लेख येतील, या अपेक्षेने या आज्ञावलीची रचना केलेली होती.

ही अपेक्षा लवकरच खोटी ठरली. लेखांची संख्या वाढताच मेरी ॲन हॉर्टन व मॅट ग्लिकमन यांनी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १९८१ मध्ये ‘बी न्यूज’ तयार करण्यास प्रारंभ केला. तिच्यात लेखशीर्षाला विद्युत् टपालासारखे रूप देण्यात आले. १९८७ मध्ये टोराँटो विद्यापीठातील जेफ कॉलियर व हेन्री स्पेन्सर यांनी ‘सी न्यूज’ ही आज्ञावली पुढे आणली. आलेले लेख एकेक न हाताळता गठ्ठ्याने हाताळल्यामुळे ती पूर्वीच्या आज्ञावलीपेक्षा कितीतरी वेगवान होती.

दरम्यान फेब्रुवारी १९८६ मध्ये ब्रायन कँटर व फिल लॅप्स्ली यांनी आरएफसी ९७७ या दस्तऐवजाद्वारे एनएनटीपी हा लेखविनिमयाचा प्रोटोकॉल मांडला. त्यामुळे इंटरनेटने जोडलेल्या सर्व्हरांना लेख तत्काळ देणेघेणे शक्य झाले. मात्र यातून एक नवीच अडचण उद्भवली. गठ्ठा पूर्ण होऊन त्याची नोंद होईपर्यंत सर्व्हरला आपल्याकडे कोणते लेख आले आहेत हे कळत नसे. तेवढ्या अवधीत दुसरा शेजारी तेच लेख पुन्हा पाठवी. रिच सॉल्झ यांनी १९९२ मध्ये प्रसृत केलेल्या ‘आयएनएन’ या आज्ञावलीने हा प्रश्न सोडविला. तिच्यातील मुख्य कार्यक्रम अखंड चालू राहतो, सर्व शेजाऱ्यांशी एकाच वेळी संवाद साधतो व आलेल्या प्रत्येक लेखाची नोंद त्याच क्षणी करतो. एनएनटीपीचे स्वरूप पुढे ऑक्टोबर २००६ मध्ये आरएफसी ३९७७ ने, तर लेखाचे स्वरूप व सर्व्हरांची कर्तव्ये नोव्हेंबर २००९ मध्ये आरएफसी ५५३६ व ५५३७ यांनी नव्याने निश्चित केली. [⟶ इंटरनेट, संदेशवहन].

प्रमुख आज्ञावल्या : सर्वसाधारण उपयोगासाठी आयएनएन हीच आज्ञावली सर्वाधिक परिचित आहे. ती विनामूल्य असून युनिक्स वर्गातील प्रणालींवर चालते. लेख स्वीकारणारा कार्यक्रम आणि वाचकांना सेवा देणारा कार्यक्रम असे तिचे वेगळे भाग आहेत. त्यामुळे वाचकांची गर्दी झाली, तरी वहनात खंड पडत नाही. शेजाऱ्यांशी देवघेव, स्थानिक वृत्तगट, वाचकांची ओळखतपासणी व साठवणीच्या अनेक पद्धती या सर्वांची तीत सोय आहे. तिच्यात प्रदीर्घ काळ सुधारणा होत आल्या असून २.७.० ही आवृत्ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची मांडणी अनेक स्वतंत्र फायलींतून करावी लागते व ती समजून घेण्यास नवख्यास काही दिवस खर्चावे लागतात, हे तिचे वैगुण्य होय.

मॅथ्यू डिलन यांची ‘डायाब्लो’ ही आज्ञावली मुख्यतः वहनासाठी रचलेली आहे. मोठ्या प्रमाणावर लेख घेणे व अनेक शेजाऱ्यांकडे पाठविणे हे तिचे बलस्थान आहे. वाचकांसाठी तिच्यात निराळा कार्यक्रम असून तो लेखांची शीर्षे जवळ ठेवतो व मूळ मजकूर गरजेप्रमाणे साठवणीच्या सर्व्हरकडून मागवितो. अनेक यंत्रांत काम वाटून देणाऱ्या संस्थेस ही रचना सोयीची असली, तरी एकाच यंत्रावर थोड्या वाचकांची सोय पाहणाऱ्यास तिचा विशेष लाभ होत नाही.

याच्या दुसऱ्या टोकास ‘लीफनोड’ ही छोटी आज्ञावली आहे. आर्न्ट गुलब्रान्सन यांनी तिचा आरंभ केला. लीफनोडला शेजारी सर्व्हरशी करार करावा लागत नाही. ती दुसऱ्या सर्व्हरकडे साध्या वाचकाप्रमाणे जाऊन लेख आणते व घरच्या किंवा कार्यालयातील वाचकांसमोर सर्व्हर म्हणून उभी राहते. जे वृत्तगट प्रत्यक्ष वाचले जातात तेवढेच ती आणते आणि एखादा गट काही दिवस कोणी उघडला नाही, तर तो आणणे थांबविते. इंटरनेटची जोडणी मंद, महाग किंवा अधूनमधून मिळणारी असेल तेथे तिचा उपयोग होतो. परंतु ती इतरांना लेख पुरविणाऱ्या जाळ्याचा खरा घटक होऊ शकत नाही. वृक्षाच्या टोकाच्या पानाप्रमाणे ती जाळ्याच्या टोकाशीच असते. तिच्या नावातील ‘लीफ’ म्हणजे पान हा शब्द याच अर्थाने आला आहे.

१९९० नंतरच्या दशकात वहनासाठी ‘सायक्लोन’ व वाचकांसाठी ‘टायफून’ यांसारख्या विक्रीच्या आज्ञावल्याही मोठ्या सेवासंस्थांनी वापरल्या. मायक्रोसॉफ्टने आपल्या विंडोज सर्व्हर प्रणालीत काही काळ एनएनटीपी सेवा समाविष्ट केली होती. विंडोज सर्व्हर २००८ पासून ती वगळण्यात आली. एखाद्या आज्ञावलीचे पालकत्व कोणाकडे आहे व तिच्यातील दोष आजही दुरुस्त होतात काय, हा निकष गुणांच्या यादीइतकाच महत्त्वाचा आहे, हे यावरून दिसून येते. नवी निवड करताना विक्रेत्याने सोडून दिलेली आज्ञावली टाळणे श्रेयस्कर होय.

सर्व्हर यूझनेटशी जोडलेलाच असला पाहिजे असे नाही. २००२ मध्ये लार्स मॅग्ने इंगेब्रिग्टसेन यांनी सुरू केलेली ‘जीमेन’ ही सेवा विद्युत् टपालाने चालणाऱ्या चर्चा वृत्तगटांच्या रूपाने वाचण्यास देते आणि त्यासाठी आयएनएनचाच उपयोग करते. संस्थेच्या अंतर्गत चर्चेसाठीही असा बंदिस्त सर्व्हर चालविता येतो.

साठवण व मुदत : यूझनेटवरील लेखांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. एक शब्दरूप चर्चेचा व दुसरा चित्रे, ध्वनी, चित्रफिती इ. सांकेतिक रूपात पाठविणाऱ्या द्विमान फायलींचा. दुसऱ्या वर्गाचे आकारमान अफाट असून सर्व वृत्तगटांचा संपूर्ण ओघ आज दिवसाला १०० टेराबाइटांहून अधिक भरतो. तो पेलणे व्यक्तीच्या किंवा महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचे आहे. याउलट केवळ शब्दरूप वृत्तगटांचा ओघ साध्या संगणकासही पेलवतो. म्हणून द्विमान गट न घेण्याचा निर्णय करून तो शेजाऱ्यांना कळविणे व लेखाच्या आकारावर मर्यादा घालणे हे लहान सर्व्हरच्या मांडणीतील पहिले पाऊल असते. आयएनएनमध्ये ही मर्यादा मुळात १०,००,००० बाइट एवढी ठेवलेली असते.

आयएनएनमध्ये साठवणीच्या चार प्रमुख पद्धती आहेत. पारंपरिक पद्धतीत प्रत्येक लेखाची वेगळी फाइल होते व ती वृत्तगटाच्या नावाच्या कप्प्यात राहते. साठा उघडून पाहणे, त्याची प्रत घेणे व दुसऱ्या यंत्रावर नेणे यात सोपे जाते. मात्र लेखांची संख्या लाखांवर गेली की, फायलींच्या गर्दीने यंत्र मंदावते. दुसऱ्या पद्धतीत लेखांच्या फायली आगमनाच्या वेळेनुसार विभागल्या जातात. तिसरीत अनेक लेख एकाच फाइलीत एकत्र बांधले जातात. चौथी चक्रीय साठ्याची पद्धत होय. तीत ठरावीक आकाराच्या मोठ्या फायली आधीच आखून ठेवतात व त्या भरल्या की, सर्वांत जुन्या लेखावर नवा लेख लिहिला जातो.

चक्रीय साठ्यात तबकडी कधीही भरून वाहत नाही व जुने लेख काढून टाकण्याचे वेगळे कामही उरत नाही. पण या सोयीची किंमत मोजावी लागते. लेख किती दिवस राहील हे त्यात दिवसांवर नव्हे, तर आवकीवर अवलंबून असते. निरर्थक जाहिरातींचा लोंढा आला, तर एका रात्रीत महिन्यांपूर्वीची मोलाची चर्चा पुसली जाऊ शकते. जतन करावयाचे वृत्तगट, विशेषतः स्थानिक गट, पारंपरिक पद्धतीने किंवा स्वतंत्र चक्रीय साठ्यात ठेवणे हा यावरील उपाय आहे. एकाच सर्व्हरवर निरनिराळ्या गटांसाठी निरनिराळ्या पद्धती योजिता येतात. सारसूचीच्या बाबतीतही लिहिण्यास वेगवान व वाचण्यास वेगवान असे पर्याय असून २.७.० या आवृत्तीपासून एसक्यूलाइट या आधारसामग्री-प्रणालीवर आधारलेला पर्यायही उपलब्ध झाला आहे.

लेख काढून टाकल्यावरही त्याची ओळखखूण काही दिवस इतिहासवहीत ठेवावी लागते; अन्यथा मागे पडलेला शेजारी तोच लेख पुन्हा देऊ करील व तो नवा म्हणून स्वीकारला जाईल. आयएनएन मूळ मांडणीत १० दिवसांपेक्षा जुना लेख नाकारते व ओळखखुणा ११ दिवस लक्षात ठेवते. पहिली संख्या वाढविल्यास दुसरीही वाढविणे आवश्यक असते. यंत्राचे घड्याळ चुकीचे असल्यास चांगले लेखही जुने किंवा भविष्यातील समजून नाकारले जातात. म्हणून घड्याळ बिनचूक ठेवण्याची व्यवस्था करावी लागते.

जतनाचा प्रश्न किती मोलाचा आहे, हे यूझनेटच्या प्रारंभकाळाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. त्या काळी जागेअभावी लेख थोड्याच दिवसांत पुसले जात. १९८१–९१ या काळातील सु. २० लाख लेख आज उपलब्ध आहेत, ते प्रामुख्याने हेन्री स्पेन्सर यांनी टोराँटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात १४१ चुंबकीय फितींवर ते उतरवून ठेवल्यामुळे. कोणत्याही मध्यवर्ती संस्थेने नव्हे, तर एका सर्व्हरच्या चालकाने घेतलेल्या निर्णयामुळे हा ठेवा वाचला.

नियंत्रण व सुरक्षितता : वृत्तगट निर्माण करणे, तो मोडणे व लेख रद्द करणे यांसाठी यूझनेटवर विशिष्ट प्रकारचे नियंत्रणलेख पाठवितात. प्रारंभीच्या आज्ञावल्या पाठविणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर विसंबत असत. त्यामुळे दुसऱ्याच्या नावाने लेख रद्द करणे किंवा खोटे गट निर्माण करणे सहज शक्य होते. यासाठी पुढे नियंत्रणलेखांवर सांकेतिक स्वाक्षरी करण्याची प्रथा पडली. मूळ लेखकालाच लेख रद्द करता यावा म्हणून कुलूप-किल्लीसारखी योजना २०१८ मध्ये आरएफसी ८३१५ ने प्रमाणित केली व आयएनएनने २.७.० या आवृत्तीत तिचा अंतर्भाव केला. निवडावयाची आज्ञावली या दोन्ही तपासण्या करू शकते किंवा कसे, हे अवश्य पाहावे. स्वाक्षरीविना येणारे नियंत्रणलेख आपोआप अमलात आणू नयेत.

एप्रिल १९९४ मध्ये अ. सं. सं. तील दोन वकिलांनी तेथील स्थायी निवासाच्या परवान्याविषयीची एकच जाहिरात हजारो वृत्तगटांवर प्रसृत केली. तेव्हापासून अनाहूत जाहिराती हा यूझनेटचा स्थायी उपद्रव ठरला आहे. आयएनएन व डायाब्लो या आज्ञावल्यांना ‘क्लीनफीड’ हा गाळणीचा कार्यक्रम जोडता येतो. तो एकसारखा मजकूर वारंवार येणे, एकाच वेळी असंख्य गटांवर पाठविणे, चुकीच्या गटात द्विमान फाइल टाकणे अशा लक्षणांवरून लेख अडवितो. गाळणी कडक केल्यास निर्दोष लेखही अडतात व सैल केल्यास गट निरुपयोगी होतात.

वाचकांना लिहिण्याची मुभा देताना नाव व परवलीचा शब्द तपासणे, संवाद सांकेतिक आवरणातून चालविणे व गैरवापराची तक्रार करण्यासाठी पत्ता देणे आवश्यक आहे. साध्या संवादासाठी ११९ व आवरणयुक्त संवादासाठी ५६३ हे द्वारक्रमांक ठरलेले आहेत. कोणासही लिहू देणाऱ्या सर्व्हरचा जाहिरातदार त्वरित फायदा घेतात. परिणामी शेजारी त्याच्याशी असलेली जोडणी तोडतात व तो एकाकी पडतो. यूझनेटवर शिक्षा करणारे न्यायालय नाही. शेजाऱ्यांचा विश्वास हेच तेथील भांडवल असते.

लिपीचा प्रश्न : यूझनेटच्या प्रारंभीच्या आज्ञावल्या रोमन लिपीच्या सात-द्व्यंकी संकेतावर आधारलेल्या होत्या. ‘सोक. कल्चर. इंडियन. मराठी’ या वृत्तगटावरील परदेशस्थ मराठी भाषकांचे लिखाणही यामुळे प्रामुख्याने इंग्रजीत किंवा रोमन लिपीतील मराठीत होत असे. आरएफसी ३९७७ ने यूटीएफ-८ हा संकेत एनएनटीपीचा मूलभूत संकेत म्हणून स्वीकारल्यापासून देवनागरी मजकुराच्या वहनास तात्त्विक अडथळा उरलेला नाही. सर्व्हरने मजकुरातील एकही द्व्यंक न बदलता तो पुढे पाठविणे एवढेच आवश्यक असते व आयएनएन ते करते. वृत्तगटांची नावे मात्र अद्याप रोमन लिपीतच ठेवली जातात.

सद्यःस्थिती : २००५ नंतर अनेक मोठ्या इंटरनेट सेवासंस्थांनी आपले वृत्तसर्व्हर बंद केले. यूझनेटचे जन्मस्थान असलेल्या ड्यूक विद्यापीठानेही मे २०१० मध्ये आपला सर्व्हर बंद केला. गूगलने २२ फेब्रुवारी २०२४ पासून आपल्या ग्रुप्स सेवेतून यूझनेटवर लिहिण्याची व नवे लेख वाचण्याची सोय काढून घेतली. त्यापूर्वीचे लेख वाचनापुरते ठेवले. शब्दरूप चर्चेचा भार त्यामुळे मुख्यत्वे स्वयंसेवी वृत्तीने चालविल्या जाणाऱ्या लहान सर्व्हरांवर आला आहे.

या परिस्थितीत निवडीचा निर्णय पुढीलप्रमाणे करता येतो. केवळ स्वतःच्या वाचनाची सोय हवी असल्यास लीफनोड पुरेशी आहे. संस्थेचे वाचक, स्थानिक गट व शेजाऱ्यांशी देवघेव ही तिन्ही अभिप्रेत असल्यास आयएनएन ही योग्य होय. प्रचंड वहन हाच उद्देश असेल, तर डायाब्लोसारख्या रचनेचा विचार करावा. जतन हा हेतू असल्यास आज्ञावलीच्या नावापेक्षा साठवणीची पद्धत, लेखांची मुदत व साठ्याच्या नियमित प्रती यांकडे अधिक लक्ष पुरवावे लागते. कारण एका सर्व्हरवरून पुसलेला लेख अन्यत्र असेलच, अशी खात्री सर्व्हरांची संख्या घटत असताना देता येत नाही.